राष्ट्रीय मूल्यं म्हणजे काय, आणि 'ब्रिटिश मूल्यं' खरंच असतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमची भाची इंग्लंडमधल्या शाळेत 'ब्रिटिश मूल्यं' शिकतेय. लोकशाही, कायदा, स्वातंत्र्य ही काय एकट्या ब्रिटिशांची मिरासदारी आहे का, आणि मुळात एखाद्या देशाची स्वतःची मूल्यं असू शकतात का, असा तुमचा प्रश्न आहे. मी लेस्टरमध्ये राहतो आणि एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर पालक प्रतिनिधी आहे, म्हणून हा विषय माझ्या जवळचा आहे. माझ्या मते ब्रिटिश मूल्यं आहेत, पण सरकारी परिपत्रकात मांडली आहेत त्या रूपात नाहीत.

आधी ती यादी कुठून आली ते पाहू. लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगवेगळ्या धर्माच्या नि श्रद्धेच्या लोकांबद्दल परस्पर आदर व सहिष्णुता, ही चार कलमं २०११ च्या दहशतवादविरोधी 'प्रिव्हेंट' धोरणात आली. 'कट्टरतावाद म्हणजे काय' याची व्याख्या करताना ती लिहिली गेली होती. मग २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही शाळा कट्टरपंथीयांच्या ताब्यात जात असल्याचा आरोप करणारं एक निनावी पत्र गाजलं, आणि त्याच नोव्हेंबरात शिक्षण खात्याने शाळांना या मूल्यांचा सक्रिय प्रसार करायला सांगितलं. म्हणजे संशयाच्या वातावरणात तयार झालेली यादी मुलांच्या वर्गात आली. शिवाय ही सूचना फक्त इंग्लंडच्या शाळांना लागू आहे. स्कॉटलंडचं शिक्षण वेगळं चालतं, आणि तिथल्या संसदेच्या राजदंडावर शहाणपण, न्याय, करुणा आणि सचोटी असे चार वेगळेच शब्द कोरलेले आहेत. मग यातली 'ब्रिटिश' कुठली?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्या चार कलमांचा तक्ता आहे. वर युनियन जॅक, बाजूला लाल डबलडेकर आणि बिग बेनचा मनोरा. लहान मुलांच्या वर्गात लोकशाही शिकवायची रीत मात्र मला फार आवडते. बाई दोन गोष्टींची पुस्तकं मांडतात, प्रत्येक मूल आपल्याला हव्या त्या पुस्तकापुढे एक ठोकळा ठेवतं, आणि ज्याचा मनोरा उंच ते पुस्तक वाचलं जातं. मी बसलो होतो त्या दिवशी हरलेल्या बाजूची एक मुलगी उठून म्हणाली, "मग उद्या आमचं वाचायचं." बाईंनी वर्गाला विचारलं, वर्ग हो म्हणाला. बहुमताने निर्णय झाला तरी अल्पमतात असलेल्याचा हक्क संपत नाही, हे त्या पाच वर्षांच्या पोरीने तक्त्याकडे न बघता मांडलं.

माझ्या मते राष्ट्रीय मूल्य हे असं भांडून ठरतं. शब्द सगळ्या जगात सारखेच असतात, पण त्यांचा अर्थ प्रत्येक देशात तिथल्या भांडणांनी ठरलेला असतो. सहिष्णुता घ्या. ब्रिटनमध्ये कॅथलिकांना संसदेत बसायची मुभा १८२९ मध्ये मिळाली. लायोनेल डी रॉथशिल्ड हे ज्यू गृहस्थ १८४७ मध्ये लंडन शहरातून निवडून आले, पण ख्रिश्चन शपथ घ्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांना आपली जागा मिळायला १८५८ उजाडलं. चार्ल्स ब्रॅडलॉ नास्तिक होते. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनने त्यांना निवडून दिलं, पण शपथेवरून सभागृहाने त्यांना आत घेतलं नाही, उलट एक रात्र कोठडीत टाकलं. ती कोठडी होती त्याच बिग बेनच्या मनोऱ्यात. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, आणि १८८६ मध्ये ते एकदाचे आत बसले. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनालाही ते आले होते.

त्यांनी उघडलेल्या वाटेने पुढे कोण गेलं ते आपल्याला माहीत असायला हवं. दादाभाई नौरोजी, आपल्या एल्फिन्स्टनचे प्राध्यापक, १८८६ ची निवडणूक हरले. त्यानंतर पंतप्रधान सॉल्सबरी जाहीर सभेत म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ एका 'काळ्या माणसाला' निवडून देण्याइतका पुढे गेलाय असं आपल्याला वाटत नाही. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीने दादाभाईंना पाच मतांनी निवडून दिलं, आणि त्यांनी खोर्देह अवेस्ता हा पारशांचा प्रार्थनाग्रंथ हातात घेऊन शपथ घेतली. ब्रिटिश मूल्य कुठलं, सॉल्सबरींचं की फिन्सबरीच्या मतदारांचं? दोघंही ब्रिटिशच. पण आज ब्रिटन ज्याचा अभिमान बाळगतं ते फिन्सबरीचं, कारण ते भांडण त्या बाजूने सुटलं.

दादाभाईंच्या १९०१ च्या ग्रंथाच्या नावातच आरोप होता: हिंदुस्थानातलं दारिद्र्य आणि ब्रिटिशांना न शोभणारं राज्य. तुम्ही स्वतःबद्दल जे सांगता त्याच मापाने तुम्हाला मोजतो, हा त्यांचा युक्तिवाद. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्यांनीही राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव करताना इंग्रजी कायद्याचाच आधार घेतला. ज्युरी ही वृत्तपत्र-स्वातंत्र्याची राखणदार असते, हे त्यांनी ज्युरीलाच ऐकवलं. नऊ जणांच्या ज्युरीतले सात युरोपीय विरोधात गेले, दोन पारशी बाजूने, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. इंग्लंडमधला राजद्रोहाचा गुन्हा ब्रिटिश संसदेने २००९ मध्ये रद्द केला.

म्हणून "दीडशे वर्षं आपल्याला लुटलं, त्यांची कसली आलीत मूल्यं" हे आपल्याकडचं बोलणं मला अपुरं वाटतं. लूट खरी होती आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण मूल्य पाळलं गेलं नाही म्हणजे ते नव्हतंच असं म्हटलं, तर दादाभाई आणि टिळक कशाच्या जोरावर भांडत होते ते सांगता येत नाही. मूल्य जाहीर केलेलं असलं की ज्याच्यावर अन्याय होतो त्याला जाब विचारता येतो. राष्ट्रीय मूल्याचा खरा उपयोग हाच, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच छापलेल्या 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' या वाक्याचाही तोच.

माझी तक्रार इथेच आहे. जाब खालून वर विचारायचा असतो, आणि सरकारने तो वरून खाली विचारायला सुरुवात केली. लेस्टरमधल्या मुस्लिम पालकांना हा तक्ता म्हणजे आपली परीक्षा वाटते, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. उलट, कायद्याचं राज्य मोडलं म्हणून सरकारला कोण धरणार? २०१८ मध्ये उघड झालं की कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे आलेल्या, आयुष्यभर इथे राबलेल्या लोकांकडे गृहखातं कागद मागत होतं. त्यांच्या आगमनाची कार्डं २०१० मध्ये त्याच खात्याने नष्ट केली होती. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर काढलं. हे विंडरश प्रकरण आठवलं की आजही संताप येतो. पण २०१९ मध्ये पंतप्रधानांनी संसद स्थगित केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ती कृती बेकायदा ठरवली, आणि दुसऱ्या दिवशी संसद भरली. त्या दिवशी मला या देशाबद्दल मनापासून आदर वाटला.

फरक कसा पडतो याचं एक अगदी रोजचं उदाहरण देतो. स्वातंत्र्य फ्रान्सच्या ब्रीदवाक्यातच आहे, तरी तिथे २००४ च्या कायद्याने सरकारी शाळेत पगडी किंवा हिजाब घालून जाता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७६ च्या कायद्याने पगडीधारी शिखांना मोटरसायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. गंमत म्हणजे फ्रान्सला राजधर्म नाही, आणि इंग्लंडमध्ये चर्चचे २६ बिशप आजही वरिष्ठ सभागृहात बसतात. शब्द तेच, घडण वेगळी. या अर्थाने ब्रिटिश मूल्यं आहेत, फ्रेंच आहेत, भारतीयही आहेत. रांग लावणं, चहा, हवामानाच्या गप्पा या मात्र सवयी. त्यांना मूल्यांत धरू नये.

बाबासाहेब इथल्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी सांगितलं की संविधानिक नीती ही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते. ते भारताबद्दल बोलत होते, पण वर दिलेल्या तारखा पाहिल्या तर ब्रिटनलाही ते तितकंच लागू पडतं.

तुमच्या बहिणीला एक सांगा: शाळेने हा विषय कसा शिकवावा याचा ठरीव अभ्यासक्रम नाही, सरकारी सूचनेत फक्त उदाहरणं आहेत. त्यामुळे वर्गशिक्षिकेकडे जाऊन या गोष्टी सुचवता येतात. आमच्या सहावीच्या वर्गात यंदा ब्रॅडलॉ आणि दादाभाई दोघंही शिकवले. मुलांनी पहिला प्रश्न विचारला की ब्रॅडलॉंना बाहेर ठेवलं ती सहा वर्षं नॉर्थॅम्प्टनच्या लोकांचं गाऱ्हाणं संसदेत कोण मांडत होतं. त्या मतदारसंघाचे तेव्हा दोन खासदार असत, त्यामुळे दुसरे खासदार हेन्री लाबूशेर आत होते. पण ज्यांनी ब्रॅडलॉंना मत दिलं होतं त्यांच्या मताचं काय, यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद चालला.