कळा चालू असताना बीपी: मशीनचं खरं की हाताने घेतलेलं?

प्रश्न: डॉक्टरताई, मागे सुनेला कळा सुरू झाल्यावर अ‍ॅडमिट केलं तेव्हा मशीनने 152/94 दाखवलं, आम्ही घाबरलो. मग सिस्टरने हाताने पंप मारून घेतलं तर 136/84. खरं कुठलं? आता मुलीचे दिवस भरत आलेत म्हणून विचारते. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: दोन्ही खरे असू शकतात हो. कळ येते तेव्हा गर्भाशयातलं 300 ते 500 मिली रक्त एकदम आईच्या रक्ताभिसरणात ढकललं जातं, वर दुखणं आहेच, त्यामुळे बीपी वर जातं आणि कळ ओसरली की उतरतं. मशीन टायमरवर चालतं, त्याला कळ बिळ समजत नाही. सिस्टर पोटावर हात ठेवून कळ जायची वाट बघते, मग पंप मारते, हळूहळू हवा सोडत ठोके ऐकते. पहिला ठोका वरचा आकडा, ठोके पूर्ण बंद होतात तो खालचा.

पण मला जास्त काळजी याच्या उलट होणाऱ्या चुकीची वाटते. मशीन ठोके ऐकत नाही, पट्ट्यातल्या कंपनांवरून हिशोब करतं, आणि बाळंतपणातल्या बीपीच्या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात, बरीच मशीन्स खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतात. म्हणून मशीन नॉर्मल म्हणतंय पण मुलीचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, छातीच्या खाली दुखतंय, तर सरळ म्हणा, सिस्टर, एकदा हाताने बघा ना. यात संकोच अजिबात नको.

पट्टाही बघा. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी उगाच जास्त येतं. डाव्या कुशीवर झोपलेल्या बाईच्या वरच्या हाताला लावला तर तो हात हृदयाच्या वर असतो, आकडा 10 च्या आसपास कमी येतो. उताणं झोपवून तर नकोच, पोटाच्या भाराने मोठी शीर दबते आणि बीपी पडतं. पाठ टेकवून बसवावं, हात हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलू नये.

कळांच्या मध्ये नीट घेऊनही 140/90 किंवा वर आलं तर परत मोजतात, लघवीतलं प्रोटीन आणि रक्त तपासतात. 160/110 आलं तर 15 मिनिटांत परत बघून औषध सुरू करावंच लागतं, नाहीतर झटके किंवा मेंदूत रक्तस्रावाची भीती. अशा वेळी छोट्या हॉस्पिटलने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यायला सांगितलं तर वाद घालत बसू नका, लगेच 108 बोलवा. मुलीची फाईल आत्तापासूनच बॅगेत ठेवा, आधीचे बीपीचे आकडे तिथल्या डॉक्टरांना लागतील.