फाइल गिटमधून काढायची, पण मशीनवर ठेवायची

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही तिघं मित्र गडहिंग्लज भागातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो. त्यात ‘सेटिंग्ज.आयएनआय’ नावाची फाइल आहे. काटा आणि फॅट मशीन कुठल्या कॉम पोर्टवर आहे ते, आणि डेटाबेसचा पासवर्ड, हे सगळं त्यात असतं. ही फाइल सुरुवातीलाच गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेली. आता ‘.गिटइग्नोर’मध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, तिचं नाव घातलं, तरी पोर्ट बदलला की ‘गिट स्टेटस’मध्ये ती दिसतेच. मित्र म्हणाला, ‘गिट आरएम’ मार. मारलं, तर फाइल फोल्डरमधूनच गेली. अजून कमिट (बदलाची पक्की नोंद) केलेलं नाही. ती परत कशी आणायची? आणि फक्त गिटमधून काढून मशीनवर तशीच कशी ठेवायची?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी जीव भांड्यात पडेल असं सांगते. तुमचं काहीही गेलेलं नाही. ‘गिट आरएम’ दिसतं तेवढं आडदांड नाही. फाइलमध्ये कमिट न केलेला बदल असेल, तर ते ती पुसायला सरळ नकार देतं. तुमच्याकडे त्याने मुकाट्याने पुसली, म्हणजे डिस्कवरची फाइल आणि शेवटच्या कमिटमधली फाइल अगदी एकच होती. मित्राने पुढे ‘-एफ’ जोडलं नव्हतं ना, एवढं मात्र विचारून घ्या. ते जोडलं की नकार मिळत नाही, आणि कमिट न केलेलं तेवढं जातं.

परत आणायला ही आज्ञा द्या (आपल्या सदरात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतो, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची) :

गिट रिस्टोअर --स्टेज्ड --वर्कट्री सेटिंग्ज.आयएनआय

‘रिस्टोअर’ २०१९ च्या २.२३ आवृत्तीत आलं. संस्थेतल्या एखाद्या जुन्या मशीनवर ते नसेल, तर ‘गिट चेकआउट हेड -- सेटिंग्ज.आयएनआय’ने तेच काम होतं.

आता इग्नोरचं. गिटजवळ एक हजेरीपट असतो, त्याला इंडेक्स म्हणतात. ‘.गिटइग्नोर’ फक्त नवीन नाव पटावर चढू देत नाही. आधीच चढलेल्या नावाला ते हातही लावत नाही. म्हणून तुमची फाइल दिसत राहते. तिचं नाव पटावरून कमी करायचं, पण तिला वर्गाबाहेर काढायचं नाही, यासाठी ‘--कॅश्ड’ आहे :

गिट आरएम --कॅश्ड सेटिंग्ज.आयएनआय

फाइल जागेवर राहते. मग इग्नोरची ओळ आणि ही काढणी एकाच कमिटमध्ये घाला. इग्नोर विसरलात, तर पुढच्या ‘गिट ॲड .’ला ती पुन्हा आत येते. अख्खा फोल्डर असेल, तर ‘-आर’ही लावा. आधी ‘-एन’ लावून बघण्याची सवय मात्र प्रत्येकाने करावी. काय काय निघणार याची यादी मिळते, आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी मेख पुढे आहे. ‘--कॅश्ड’ची मेहेरबानी फक्त ज्या मशीनवर आज्ञा दिली त्या मशीनपुरती असते. कमिटमध्ये नोंद होते ती एवढीच, की ही फाइल काढली. उरलेले दोघं ‘गिट पुल’ करतील, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आपल्या मशीनवर घेतील, तेव्हा त्यांच्या डिस्कवरून फाइल खरोखर पुसली जाईल. आणि तुम्ही संस्थांच्या मशीनवरही पुल करूनच अपडेट देत असाल, तर तिथे काय होईल ते बघा. ज्या संस्थेत कुणी फाइलला हात लावलेला नाही, तिथे ती गुपचूप जाईल. ज्या संस्थेत काट्याचा पोर्ट बदललेला आहे, तिथे पुल अडेल आणि तुमचे स्थानिक बदल पुसले जातील असा इशारा येईल. अशा वेळी सकाळच्या संकलनाला लोक किटल्या घेऊन उभे असतात, सचिव फोनवर ओरडत असतो, आणि घाईत कुणीतरी कमिट न केलेले सगळे बदल टाकून देणारं ‘गिट रिसेट --हार्ड’ मारतो. त्या मशीनचा पोर्ट नंबर मग कायमचा गेला. तो कुणी वहीत लिहिलेला नसतो!

म्हणून प्रत्येक संस्थेत हाच क्रम ठेवा. फाइलची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर काढून ठेवा. ‘गिट चेकआउट हेड -- सेटिंग्ज.आयएनआय’ने मूळ फाइल पूर्ववत करा. पुल करा. मग प्रत परत आणून ठेवा. हे काम दोन संकलनांच्या मधल्या दुपारी करा.

पासवर्डबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पटावरून नाव कमी केलं, तरी मागच्या वर्षांचे पट कपाटात असतातच. जुन्या कमिटमध्ये तुमची फाइल पासवर्डसकट आहे आणि ‘गिट लॉग -पी’ने कुणीही ती वाचू शकतो. तेव्हा सगळ्यात आधी पासवर्ड बदला. सगळ्या संस्थांना एकच पासवर्ड दिला असेल (मला वाटतं, दिलाच असेल), तर सगळीकडे बदला, आणि या वेळी वेगवेगळे द्या.

इतिहासातूनही फाइल खरवडून काढता येते. त्यासाठी ‘फिल्टर-रेपो’ हे वेगळं साधन बसवावं लागतं. ताजा क्लोन (इतिहासासकट सगळ्या प्रोजेक्टची प्रत) घेऊन त्यात ही आज्ञा द्यायची :

गिट फिल्टर-रेपो --इनव्हर्ट-पाथ्स --पाथ सेटिंग्ज.आयएनआय

जुने लेख ‘फिल्टर-ब्रँच’ सांगतात, त्या वाटेला जाऊ नका. गिटचे कर्तेच आता ते वापरू नका म्हणतात. पण हे केल्यावर ती फाइल जिथे आली तिथपासूनच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात, सर्व्हरवर फोर्स पुश करावा लागतो (म्हणजे तिथला जुना इतिहास जबरदस्तीने बदलावा लागतो) आणि प्रत्येकाला नवा क्लोन घ्यावा लागतो. एकाने जरी जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केलं, तरी फाइल परत हजर! गिटहबवर कुणी फोर्क (स्वतःच्या खात्यात वेगळी प्रत) केलेला असेल, तर त्यात ती राहतेच. माझं मत विचाराल, तर तीन माणसांच्या खासगी रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) पासवर्ड बदलल्यावर या उद्योगाची गरज नाही. शेकडो एमबींचा बॅकअप चुकून आत गेला असता, तर गोष्ट वेगळी. गिटहब १०० एमबींवरची फाइल घेतच नाही.

तुमच्यासारख्यांसाठी कायमची सोय अशी : गिटमध्ये ‘सेटिंग्ज.नमुना.आयएनआय’ ठेवा. त्यात पासवर्डची जागा रिकामी आणि पोर्टसमोर ‘कॉम३’ असं उदाहरण. खरी फाइल प्रत्येक मशीनची आपापली, इग्नोर केलेली. ती सापडली नाही, तर प्रोग्रामने नमुन्यावरून नवी बनवावी आणि पोर्ट विचारावा. ‘अझ्यूम-अनचेंज्ड’चा, म्हणजे ही फाइल बदललेलीच नाही असं गिटला धरायला सांगण्याचा, तोडगा तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तो वेग वाढवण्यासाठी केलेला आहे, फाइल लपवण्यासाठी नाही, आणि पुढेमागे पुल करताना हटकून नडतो.

जाता जाता, मित्राला फार बोलू नका. मी नोकरीला लागले तेव्हा गिटच्या जागी सीव्हीएस हे जुनं साधन होतं. तिथे फाइल आधी स्वतः डिस्कवरून पुसायची, मग ‘सीव्हीएस रिमूव्ह’ म्हणायचं, आणि कमिट झालं की सर्व्हरवर ती ‘ॲटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची. त्यानंतर आलेलं सबव्हर्जनही फाइल डिस्कवरून पुसायचं. ‘--कीप-लोकल’ची सवलत त्यात २००८ साली, १.५ आवृत्तीत आली. काढणं म्हणजे डिस्कवरूनही काढणं, हाच या सगळ्यांचा जुना रिवाज आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संकेतस्थळाच्या रिपॉझिटरीत परिपत्रकांच्या मराठी नावांच्या पीडीएफ आहेत. त्या काढायच्या आहेत, पण ‘गिट स्टेटस’मध्ये नावांऐवजी ‘\३४०\२४४’ असे आकडे दिसतात. कुठली फाइल कोणती, हेच कळत नाही.
— एक शिक्षिका, वर्धा

उत्तर : नावं बिघडलेली नाहीत. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि गिट ते बाइट अष्टमान आकड्यांत दाखवतं; तुमचा ‘क’ त्याच्या लेखी ‘\३४०\२४४\२२५’ असतो. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ द्या, नावं मराठीत दिसतील. काढताना ‘*.पीडीएफ’ अवतरणात घातलंत, तर गिट आतल्या सगळ्या उपफोल्डरमधल्याही पीडीएफ काढतं. अवतरण नसेल, तर लिनक्सवर फक्त समोरच्या फोल्डरमधल्या निघतात. शाळेच्या निकालांच्या पीडीएफ उपफोल्डरमध्ये असतील, तर आधी ‘-एन’ लावून यादी बघा.