कार्ड बदलू नका, आधी सकाळची दोन मिनिटं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. विंडोज ११चा, दीड वर्ष वापरलेला लॅपटॉप. रात्री झाकण मिटून ठेवता, सकाळी उघडलं की वायफाय आपोआप लागत नाही. खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊन घरचं नाव निवडलं आणि 'कनेक्ट' दाबलं की पासवर्ड न विचारता लगेच लागतं. रीस्टार्ट केला तर आपोआप लागतं. आठवड्यातून एकदोनदा लॅपटॉप मिस्टरांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट पकडून बसतो आणि दुपारपर्यंत त्यांचा डेटा संपलेला असतो. दुकानात सांगितलं की वायफायचं कार्ड गेलंय, बदलावं लागेल, सोबत फॉरमॅटही मारून घ्या.

दोन्हीपैकी काहीही करू नका. कार्ड गेलं असतं तर 'कनेक्ट' दाबून तरी कसं लागलं असतं? पासवर्ड विचारत नाही, म्हणजे घरच्या नेटवर्कची नोंद लॅपटॉपमध्ये शाबूत आहे. घरातले मोबाईल आणि टीव्ही व्यवस्थित चालतात, म्हणजे राउटर ठीक. रीस्टार्टनंतर आपोआप लागतं, म्हणजे आपोआप जोडणारी यंत्रणाही चालू आहे. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींनीच इतकं सगळं बाजूला पडलं. राहिलं ते एवढंच, की झोपेतून उठताना लॅपटॉपचं काहीतरी अडतंय. आणि हॉटस्पॉटचं दुखणं मला वेगळं वाटतं, त्याच्याकडे नंतर येतो.

आपोआप जोडणं म्हणजे आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. विंडोजमध्ये 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' नावाची एक सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड काम करणारा प्रोग्राम, सतत चालू असते. विंडोज एक्सपीच्या काळात हेच काम 'वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन' नावाची सर्व्हिस करायची. ऑटोकॉन्फिग कार्डाकडून आसपासच्या नेटवर्कांची नावं गोळा करते, आपण साठवलेल्या नावांशी ताडून बघते आणि ज्या नावापुढे आपोआप जोडायची खूण आहे त्याच्याकडे जाते. मग पासवर्डची खातरजमा होते, आणि शेवटी राउटर लॅपटॉपला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, देतो. यातली कुठलीही पायरी अडली तरी आपल्याला दिसतं एकच, वायफाय लागलं नाही. दुकानदार सगळ्याला एकच औषध देतात ते त्यामुळेच. आपण आधी पायरी शोधू.

उद्या सकाळी झाकण उघडा, लॉगिन करा आणि कशालाही हात न लावता घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. मग वायफायच्या चिन्हावर टिचकी मारून फक्त यादी उघडा, 'कनेक्ट' दाबू नका. यादीत काय दिसतं ते कागदावर लिहून ठेवा. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावतो, आणि निम्मं निदान इथेच होतं.

यादी रिकामी असेल, किंवा वायफायचं बटणच गायब असेल, तर कार्ड झोपेतून उठलेलंच नाही. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय यावरच आहे. फक्त एक गोष्ट खटकते: चिन्हावर गेल्यावर तुम्हाला घरचं नाव दिसतं, म्हणजे तोवर कार्ड उठलेलं असतं. कदाचित ते उशिरा उठत असेल. दोन मिनिटं थांबायला सांगतोय ते त्यासाठीच. दीड मिनिटाने का होईना, पण आपोआप लागलं, तर बिघाड फार छोटा आहे.

या प्रकारात करायचं काम असं. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी द्या आणि 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली ज्या नावात वायफाय, वायरलेस किंवा ८०२.११ असं काही असेल, ते तुमचं कार्ड. इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम यांपैकी कुणाचं तरी नाव असेल, तेही टिपून ठेवा. त्यावर दोनदा टिचकी मारली की खिडकीत वर काही टॅब दिसतील. 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये पहिल्याच ओळीत वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची मुभा कॉम्प्युटरला दिलेली असते. ती टिक काढा, 'ओके' करा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल, पण घरच्या वापरात ते जाणवतही नाही.

हा टॅबच दिसला नाही तर घाबरू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' नावाची झोप असते. मोबाईलचा स्क्रीन बंद केल्यावर तो आतून अर्धवट जागा असतो, तसं. अशा मशीनवर तो टॅब बहुतेक वेळा नसतोच. मग उपाय ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा. लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवर जाऊन मॉडेल नंबर टाका आणि वायरलेसचा ड्रायव्हर उतरवून घ्या. तिथे बायोसचं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) नवं अपडेट दिसलं तर तेही, मात्र चार्जर लावलेला असतानाच. ड्रायव्हर फुकट शोधून देणारी जी सॉफ्टवेअरं मिळतात त्यांच्या वाटेला कृपा करून जाऊ नका, त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप मी पुष्कळ निस्तरले आहेत. आणि हा त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर त्याच खिडकीतल्या 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. ते बटण दाबता येत असेल तर आधी तेच करून बघा.

जे लोक झाकण न मिटता रोज रात्री रीतसर शटडाऊन करतात आणि तरी सकाळी हाच त्रास होतो, त्यांच्यासाठी एक वाक्य जास्तीचं. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, आणि ते चालू असेल तर शटडाऊन हा पुरता शटडाऊन नसतो. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो, त्यातला ड्रायव्हरचा गोंधळही सोबत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शटडाऊनने जे सुटत नाही ते रीस्टार्टने सुटतं, यामागचं कारण हेच. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवायच्या पानावर, ते बंद करता येतं.

आता दुसरी शक्यता. यादीत घरचं नाव दिसतंय, सिग्नलही पूर्ण आहे, पण लॅपटॉप जोडून घेत नाही. तसं असेल तर मला एक सांगा ताई, रात्री झाकण मिटण्याआधी तुम्ही 'डिस्कनेक्ट' दाबता का? प्रश्नात तुम्ही लिहिलं नाहीये, पण मुलांनी रात्री नेट वापरू नये म्हणून बऱ्याच घरांत हे करतात. तसं केलं की विंडोज समजतं, या माणसाला हे नेटवर्क सध्या नकोय. मग ते आपणहून परत तिकडे जात नाही. ती सवय असेल तर मोडा. रात्री नुसतं झाकण मिटा.

त्याच जोडीला सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग तुमच्या नेटवर्कचे गुणधर्म, असं जाऊन आपोआप जोडायची टिक आहे ना ते डोळ्यांनी बघून घ्या. खात्री करायची दुसरी जागा म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, विंडोजला आदेश टाइप करून द्यायची खिडकी. तिथे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडत, 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल' लिहा (पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन), पुढे अवतरणात घरच्या नेटवर्कचं नाव. जी माहिती येते तिच्यात 'कनेक्शन मोड' नावाची ओळ असते. तिच्यापुढे 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' पाहिजे. 'मॅन्युअली' दिसलं तर चोर सापडला.

टिक आहे, डिस्कनेक्टची सवय नाही, तरी लागत नाही, असं असेल तर 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन घरचं नाव 'फर्गेट' करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. पासवर्ड आधी हाताशी घ्या, तो राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असेलच असं नाही, कारण जोडणी करणारा माणूस बहुधा तो बदलून जातो.

तिसरी शक्यता अशी की यादीत शेजाऱ्यांची नावं आहेत, तुमचंच नाही. तुमच्या मिस्टरांच्या हॉटस्पॉटचा उलगडाही मला इथेच होईल असं वाटतं. माझ्या बहिणीच्या घरी गेल्या उन्हाळ्यात अगदी हेच चाललं होतं. पहाटे लाईट जायची, सातच्या सुमारास यायची. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. लॅपटॉप बॅटरीवर, त्याला लाईटीशी देणंघेणं नाही. मी सकाळी तिथे राउटरसमोर खुर्ची टाकून बसलो. लाईट आल्यावर पॉवरचा हिरवा दिवा लगेच लागला. फायबरचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला, मग स्थिर झाला. तो राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर वेगवेगळ्या नावांनी बोलायचा. २.४ गिगाहर्ट्झचं नाव मोबाईलमध्ये दिसायला लागलं तेव्हा दीड मिनिट झालं होतं. ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यानंतरही मिनिटभर आलंच नाही, आणि बहिणीच्या लॅपटॉपमध्ये फक्त तेच साठवलेलं होतं. तेवढ्या वेळात लॅपटॉपला भाच्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट दिसला, त्यापुढेही टिक होती, तो तिकडे गेला. एकदा चालू नेटवर्क मिळालं की लॅपटॉप ते सोडून दुसरीकडे धावत नाही. दिवसभर तिथेच राहिला.

५ गिगाहर्ट्झला तो एक मिनिट का लागला, त्यालाही सरळ कारण आहे. पट्ट्याचे क्रमांक दिलेले लहान भाग म्हणजे चॅनेल. या पट्ट्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल हवामान खात्याच्या आणि इतर रडारांसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरने त्यांवर बोलायला लागण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकायचं असतं, रडार चालू नाही ना याची खात्री करायची असते. ३६ ते ४८ या चॅनेलना हे बंधन नाही. मी बहिणीच्या राउटरमध्ये चॅनेल 'ऑटो'वरून ३६वर नेला, आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. तुमच्या भागात भारनियमन असेल तर असा यूपीएस लावाच, कार्डाचे पैसे त्यात घाला. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा, त्याच्याशी जुळणाराच घ्या.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १२ किंवा १३ असेल तरी काही लॅपटॉपना नाव दिसतच नाही, कारण त्यांचं कार्ड ११पर्यंतच ऐकायचं ठरवून बनवलेलं असतं. मोबाईलला दिसतं, लॅपटॉपला नाही, असं झालं की हे आठवा. १, ६ किंवा ११ ठेवलं की प्रश्न मिटतो. सुरक्षेसाठी म्हणून कुणी नेटवर्कचं नाव लपवून ठेवलं असेल तर ते उघडं करा. लपवल्याने सुरक्षा वाढत नाही, उलट तुमचा लॅपटॉप जाईल तिथे ते नाव पुकारत हिंडतो.

हॉटस्पॉटचा बंदोबस्त मात्र आजच करून टाका, त्यासाठी सकाळची वाट बघायला नको. हॉटस्पॉटला जोडलेले असताना त्याच्या गुणधर्मांत जाऊन आपोआप जोडायची टिक काढा. पासवर्ड साठवलेला राहील, गरज पडली की हाताने जोडता येईल. सोबत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, म्हणजे कधी चुकून जोडला गेलाच तरी विंडोजची मोठी अपडेट त्यांच्या डेटावर उतरणार नाहीत. आणि हे करताच आहात, तर साठवलेल्या यादीत रेल्वे स्टेशन, हॉटेल, दवाखाना अशी बिनपासवर्डची नावं असतील ती सगळी 'फर्गेट' करा. लॅपटॉप नेटवर्क ओळखतो ते नावावरून आणि सुरक्षेच्या प्रकारावरून. त्याच नावाचा उघडा हॉटस्पॉट कुणीही सुरू केला, तर तुमचा लॅपटॉप गुपचूप त्याला जाऊन मिळेल. तुम्ही बँकेची कामं याच लॅपटॉपवर करता असं लिहिलंय, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

ज्यांचं वायफाय लागतं पण 'नो इंटरनेट' येतं, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होतोय का ते बघावं. तसा असेल तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. हॉस्टेल किंवा ऑफिसात ठरावीक मशीननाच परवानगी असेल तर 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' (कार्डाचा खरा पत्ता लपवून बदलता पत्ता दाखवायची सोय) बंद ठेवा, नाहीतर लॅपटॉप बदललेल्या पत्त्याने गेला की दारातच अडतो. लिनक्सवाल्यांनी पासवर्ड सगळ्या वापरकर्त्यांसाठी साठवलाय का ते तपासा, नसेल तर लॉगिन होईपर्यंत वायफाय लागत नाही.

'नेटवर्क रीसेट' नावाचं बटण कुणीतरी सुचवेलच. ते चालतं, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसून टाकतं आणि व्हीपीएन असेल तर तेही नव्याने बसवावं लागतं. आणि दुखणं कार्डाच्या झोपेचं असेल तर तिसऱ्या दिवशी परत तेच. म्हणून शेवटी ठेवा.

आता तुमच्याकडून मला काय हवं ते. आज रात्री 'पॉवर मॅनेजमेंट'ची टिक आणि हॉटस्पॉटची टिक, एवढ्या दोनच गोष्टी काढा. ड्रायव्हरला अजून हात लावू नका, एकदम सगळं बदललं की कशाने बरं झालं ते कळत नाही. दोन सकाळी यादी बघून लिहून ठेवा, लाईट गेली होती का तेही लिहा. मग कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' चालवा (शेवटचा शब्द सलग: डब्ल्यू-एल-ए-एन आणि मध्ये जागा न सोडता लगेच 'रिपोर्ट'). मागच्या तीन दिवसांत लॅपटॉप कधी, कुठल्या नेटवर्कला जोडला गेला आणि का तुटला याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. तो कुठे ठेवलाय ते तिथेच लिहून येतं, ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात सकाळच्या वेळेला लाल गोल दिसले तर त्यावर टिचकी मारून जे कारण येईल तेवढंच इथे लिहा. पूर्ण अहवाल टाकू नका, त्यात तुमच्या मशीनची आणि घरच्या नेटवर्कची बरीच माहिती असते. कारण आणि कार्डाचं नाव कळलं की पुढचं मी सांगतो.