बाटली नको, आधी मायलेज मोज
पेट्रोल महागलं म्हणून लगेच ‘मायलेज वाढवणारी’ बाटली टाकीत ओतू नकोस. आधी मोज: ऑटो-कट होईपर्यंत टाकी भर, ट्रिप मीटर शून्यावर आण, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भर. ४८० किलोमीटरला ३२ लिटर लागलं, तर मायलेज १५. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेकदा गोड बोलतो.

हवा टायर थंड असतानाच, कारच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. ठाण्याजवळच्या गायमुख घाटाचा उतार न्यूट्रलमध्ये उतरू नकोस. गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ते बंद करतात, न्यूट्रलमध्ये ते जळतच राहतं.

तरी कमीच? फेरीनंतर पुढच्या दोन्ही रिमांजवळ हात ने, टेकवू नकोस. एकच जास्त तापली असेल तर बहुधा कॅलिपरची, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाची, पिन अडकलीय आणि ब्रेक घासत राहतोय. साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लाव; साध्या ग्रीसने रबर फुगतं.