माळावरची 'चिमणी' ओळखताना

तू दहिवडीजवळच्या माळावरून काढलेला फोटो पाहिला. खाली 'चिमणी, मादी' लिहिलंयस. ती चिमणी नाही रे, डोंबारी नावाच्या छोट्या चंडोल पक्ष्याची मादी आहे. लाजू नकोस, मीही वर्षभर हेच करत होतो.

मादीच्या रंगाच्या नादी लागू नकोस, आजूबाजूला नर शोध. डोकं राखाडी, गाल पांढरट, डोळ्यावरून काळी पट्टी, गळ्यापासून पोटापर्यंत काळाकुट्ट. तो दिसला की प्रश्नच मिटला. आणि नुसता उभा राहून वर बघ. पंख फडफडवत तो उंच चढतो, एकदम दगडासारखा खाली सुटतो, त्याच वेगात पुन्हा थोडा वर उसळतो, असं करत शेवटी एखाद्या ढेकळावर येऊन बसतो. डोंबाऱ्याचा खेळच! नाव उगाच नाही पडलेलं.

माण-खटाव काय किंवा जत-आटपाडी काय, आपल्या माळांवर आणखी घोटाळे होतात. डोक्यावर छोटा तुरा, पोट तांबूस, छातीवर रेघा मोजक्याच, तर दख्खनचा तुरेवाला चंडोल. अंग सडपातळ, चोच बारीक आणि शेपटी सारखी खाली-वर, तर तिरचिमणी. तिच्या जातींत इतक्यात शिरू नकोस, डोकं फिरेल.

सकाळी लवकर जा, ऊन चढलं की सगळं धूसर होतं. हो, पक्षी पायाजवळून उडाला तर जागीच थांब. घरटं जमिनीवरच, ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला असतं. आल्या पावली मागे फिर, फोटो राहू दे.