रानगुलाबात आईचं पारडं जड

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या शेतांच्या कुंपणात डॉग रोझ म्हणजे रोझा कॅनायना भरपूर आहे. एका झुडपाची पानं चुरगळली की सफरचंदासारखा मंद वास येतो, बाकी सगळं डॉग रोझसारखंच. हा संकर असेल का? मूळ जात जपायची तर तो उपटावा का?

उत्तर : संकर असू शकतो, पण नुसत्या वासावर जाऊ नका. हा वास पानांच्या पाठीवरच्या चिकट ग्रंथींचा. स्वीटब्रायरला, म्हणजे रोझा रुबिजिनोसाला, तो असतो, तसाच रोझा मायक्रँथालाही. आणि मायक्रँथाची निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी दलं, डॉग रोझसारखीच मागे वळून लवकर गळतात. दहापट भिंगातून पाहा. पाठीवर आणि फुलाच्या देठावर ग्रंथी दाट असतील तर मायक्रँथाचा संशय घ्या. ग्रंथी तुरळक आणि देठ जवळपास गुळगुळीत असेल तर संकर, आणि बहुधा डॉग रोझ आई.

आई ओळखता येते, कारण डॉग रोझच्या गटाचा हिशेबच वेगळा आहे. डॉग रोझ आणि स्वीटब्रायर, दोन्ही जातींत गुणसूत्रं ३५, म्हणजे सातांचे पाच संच. परागकणात फक्त ७ जातात, बीजांडात २८. संकरात आईचे चार वाटे, बापाचा एक. आईबाप उलटे केले तर संकर स्वीटब्रायरसारखा दिसेल. परागकण रंगवून, पोकळ किती ते मोजून संकर ठरवायचा मोह टाळा. या गटात मूळ जातींचेही बरेच परागकण पोकळ निघतात. नमुना मात्र दोनदा घ्या, जूनमध्ये फुलांचा आणि सप्टेंबरात फळांचा. निदलं कधी गळतात हे फळांशिवाय कळत नाही.

उपटू तर मुळीच नका. हा सगळा गटच जुन्या संकरांतून घडला आहे. स्थानिक जातींचा संकर हा त्याच प्रक्रियेचा भाग. पूर्व आशियातून आलेल्या रोझा रुगोसाची गोष्ट वेगळी. किनाऱ्यावरच्या वाळूत तो दाट जाळी करून स्थानिक झाडांना हुसकावतो, म्हणून तिथे काढणं योग्य.

प्रश्न : डॉग रोझचं बी लावलं, पण वसंतात एकही रोप आलं नाही. का?

उत्तर : नुसतं फ्रीजमध्ये ठेवलं असणार. आधी ओल्या वाळूत २० ते २५ अंशांवर १२ आठवडे, मग ३ ते ५ अंशांवर १२ आठवडे ठेवा. तरी काही बिया पुढच्या वसंतातच उगवतात, कुंडी फेकू नका. गर काढताना हातमोजे घाला, आतले केस फार खाजवतात. बी अनेक झुडपांचं घ्या, एका झुडपाची पाचवा हिस्साच फळं तोडा, आणि प्रत्येक पाकिटावर आईझुडपाची जागा लिहा. बागेतल्या रोपांचं बी रानात लावू नका. त्याचा बाप कोण, कळायला मार्ग नसतो.