तक्रारीच्या पत्त्यावर विक्रीचं पत्र

प्रश्न : ताई, नमस्कार. फोंड्यात आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. मालक, मी आणि लाइनवर जाणारी मुलं, एवढाच पसारा. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवरची आमच्या नेटवर्कची ओळख) आणि आयपी पत्ते घेतले तेव्हा नोंदणीत माझं नाव आणि नॉकचा, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षाचा, मेल पत्ता दिला. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी लिहितो. 'वापरात नसलेले आयपी विकायचे का', 'स्वस्त बँडविड्थ', 'डीडॉसपासून (खोट्या मागण्यांच्या माऱ्यापासून) संरक्षण'. उत्तर दिलं नाही की 'माझा आधीचा मेल पाहिलात का?' हे चालूच. मध्यंतरी व्यवसायातल्या लोकांच्या सामायिक मेल-यादीवर एका राउटरबद्दल अडचण विचारली, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कंपनीच्या विक्रेत्याचं पत्र हजर. माझा सहकारी म्हणतो, त्या यादीवर सगळ्यांसमोर नाव घेऊन झापूया. मालक म्हणतात, डिलीट कर, एवढा राग कशाला? करायचं काय?
— एक इंजिनिअर, फोंडा

उत्तर : मालकांना पावसातली एक रात्र नॉकच्या फोनजवळ बसवा. नॉकच्या पत्त्यावर आलेला मेल कोणी सवडीनं वाचत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याचं आपोआप तिकीट होतं आणि ड्यूटीवरच्या मुलाचा फोन वाजतो. मी नॉक सांभाळायचे तेव्हा एका जुलैत बोरीजवळ माड केबलवर आडवा झाला. वरच्या पुरवठादाराशी मेलामेली चालू, तुटलेली केबल जोडणारा स्प्लाइसिंगवाला वाटेत अडकलेला, गिऱ्हाइकांचे फोन थांबत नव्हते. त्यात तिकीट आलं. विषय : 'आरई : आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे'. पुरवठादाराचं उत्तर समजून मुलानं हातातलं सोडून ते उघडलं. आत फायरवॉलवरची सवलत, दिवाळीपर्यंत! बोलणं कोणाशी झालंच नव्हतं. तो 'आरई', म्हणजे उत्तर असल्याची खूण, मुद्दाम चिकटवतात. डिलीट करायला सेकंद लागतो हे खरं, पण ही जाहिरात आहे हे कळायला मेल उघडावा लागतो, आणि खरा वैताग तिथंच आहे.

तेव्हा राग बरोबर आहे. नोंदणीतला मेल पत्ता सगळ्यांना दिसतो, कारण तो दिसायलाच हवा. तुमच्या नेटवर्कमुळे उद्या जपानमध्ये कोणाला त्रास झाला तर त्यानं कोणाला गाठायचं? आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या रीतींच्या १९९७ च्या कागदात मेल पत्त्यातलं कुठलं नाव कशासाठी ते लिहून ठेवलंय. नॉक नेटवर्कच्या बिघाडासाठी, अब्यूज गैरवापराच्या तक्रारीसाठी. गंमत म्हणजे विक्रीबद्दल बोलायचं असेल तर 'सेल्स' आणि 'मार्केटिंग' ही नावंही त्याच कागदात आहेत. विक्रेते तिकडे लिहीत नाहीत, कारण तिकडे दुसरा विक्रेता बसलेला असतो.

आयपी विकायला सांगणारे तुमच्याच मागे का, तर टंचाई. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आपल्या आशिया-पॅसिफिक भागात हे पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या तुकड्यावर आला. त्यानंतर नव्या सभासदाला चिमूटभरच मिळतात, २०१९ पासून तर जास्तीत जास्त ५१२. म्हणजे ज्याच्या घरात तांदूळच नाहीत त्याच्याकडे हे उसने मागायला येतात. 'विकू नका, भाड्यानं द्या' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. भाडेकरूनं त्या पत्त्यांवरून जंक मेल सोडले, की ते पत्ते स्पॅमहाऊससारख्या, जंक मेलवर नजर ठेवणाऱ्या संस्थांच्या काळ्या यादीत जातात. भाडेकरू महिन्याअखेर निघून जातो, यादीतून नाव काढून घेण्यासाठी विनवण्या तुम्ही करत बसता.

आता करायचं काय. सहकाऱ्याला आवरा. सगळ्यांसमोर झापलं की आणखी दहा जण 'मलाही आला' म्हणून लिहितात, मग कोणीतरी 'हे सगळ्यांना का पाठवताय' असं सगळ्यांनाच पाठवतो. मूळ जाहिरात एकच होती, तिच्यावरच्या संतापानं पेटी भरते आणि विक्रेत्याचं नाव फुकटात सगळ्यांच्या डोळ्यांखालून जातं. राउटरवाल्याबद्दल मात्र थोडं वेगळं बोलते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं सगळ्यांसमोर दिलं असतं आणि खाली आपल्या कंपनीचं नाव उघडपणे लिहिलं असतं, तर मला चाललं असतं. असे विक्रेते मला माहीत आहेत, त्यांच्याकडून मी सामानही घेतलंय. प्रश्न चोरून वाचायचा आणि मागच्या दारानं कोटेशन सरकवायचं, हे नाही चालणार.

अशा माणसाला एकदाच, दोन ओळींत कळवा : हा पत्ता बिघाडासाठी आहे, पुन्हा लिहिलंत तर तुमची कंपनी आमच्या खरेदीतून बाद. आणि खरोखर बाद करा. मात्र आधी तो ज्या डोमेनवरून लिहितो ते नीट बघा. कधी कंपनीच्या नावाआधी 'गेट' किंवा 'ट्राय' जोडलेलं भलतंच डोमेन असतं, बदनामी झाली तर मूळ डोमेनला डाग नको म्हणून. इतकी काळजी घेणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. त्याला उत्तर देण्याऐवजी तक्रार करा. मेलचा पूर्ण हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची नोंद, काढा. 'रिसीव्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या असतात, पण खालच्या ओळी खोट्या घालता येतात. भरवसा ठेवायचा तो तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं लिहिलेल्या ओळीवर. मेल कुठल्या आयपीनं आणून दिला ते तिथं असतं. तो आयपी हूइजमध्ये, म्हणजे कुठले पत्ते कोणाचे ते सांगणाऱ्या जाहीर नोंदवहीत, शोधा आणि त्या नेटवर्कच्या अब्यूज पत्त्यावर हेडरसकट पाठवा. सगळे ऐकत नाहीत. काही ऐकतात.

आणि वैतागून अब्यूजच्या पेटीवर कडक स्पॅम फिल्टर बसवू नका. तक्रार करणारा पुरावा म्हणून तो स्पॅमच जोडतो, फिल्टर तो बघून तक्रारच परत पाठवतो. शिवाय एपनिक तक्रारीच्या पत्त्यांची दर सहा महिन्यांनी मेल पाठवून पडताळणी करतं. तो मेल फिल्टरनं गिळला तर पत्ता अवैध ठरायचा. त्यापेक्षा जिथं जिथं पत्ता द्यावा लागतो तिथं वेगवेगळा उपपत्ता (त्याच पेटीत येणारं दुसरं नाव) द्या. मी हूइजसाठी एक उपपत्ता केला होता, तो दुसरीकडे कुठंच दिला नव्हता. त्यावर बँडविड्थची जाहिरात आली. म्हणजे नोंदवहीतूनच पत्ते उचलले होते. त्या नोंदी जाहिरातीसाठी वापरायला मनाई आहे, आणि हा मुद्दा तक्रारीत लिहिला की समोरच्या नेटवर्कला टाळाटाळ करणं जड जातं.

प्रश्न : असल्या मेलमधलं 'अनसबस्क्राइब' दाबावं का? आणि यावर कायदा नाही का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ओळखीच्या कंपनीचं, तुम्ही कधीतरी नोंदणी केलेलं पत्र असेल तर खुशाल दाबा. जीमेल किंवा याहू स्वतः वर जे बटण दाखवतं ते जास्त बरं. अनोळखी असेल तर आतल्या लिंकला हात लावू नका, त्यातून पत्ता चालू असल्याचं त्यांना कळतं. चित्रंही आपोआप उघडू देऊ नका. एका ठिपक्याएवढं चित्र घातलेलं असतं, ते उतरलं की मेल कधी उघडला हे पाठवणाऱ्याला समजतं.

कायद्याचं म्हणाल तर जंक मेलसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम फोन आणि एसएमएससाठी आहेत, त्यांच्या १९०९ या तक्रार क्रमांकावर मेलची तक्रार होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमात त्रासदायक मेलचा उल्लेख होता, पण ते अख्खं कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, आणि वेगळ्या कारणांसाठी ते योग्यच झालं. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्यातून वगळली आहे. पोलिसांत जाऊ नका, चहा पाजून परत पाठवतील.

प्रश्न : मी म्हापशात एका इंटरनेट कंपनीत मार्केटिंग बघते. कळंगूट, कांदोळी, बागा इथल्या हॉटेलांचे मेल पत्ते त्यांच्या वेबसाइटवरून गोळा करून सगळ्यांना एकदम आमचे दर पाठवायला साहेबांनी सांगितलं आहे. 'जगात सगळे करतात आणि त्यानं धंदा होतो' म्हणतात. काय सांगू?
— नाव न देण्याच्या अटीवर

उत्तर : साहेब अगदीच चुकीचं बोलत नाहीत, म्हणून तर हे थांबत नाही. ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क या मार्केटिंगवाल्यानं अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजाच्या छापील निर्देशिकेतून पत्ते काढून सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. पत्ते इतके झाले की रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरात सांडले. नेटवर्क सांभाळणाऱ्या लष्करी विभागानं झापलं. पण त्यातून कोट्यवधींची विक्री झाली असं थुर्क पुढं सांगत राहिला. साहेबांना ही गोष्ट सांगा, आणि लगेच दुसरीही सांगा. १९७८ मध्ये मेल अडवणारं कोणी नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं घाऊक मेलवाल्यांसाठी नियम कडक केलेत. मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणारं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हवंच, आणि हजारातल्या तिघांनी 'स्पॅम' दाबलं की मेल अडायच्या रेषेवर तुम्ही आलात. हॉटेलवाले ते हमखास दाबतील. तो पत्ता बुकिंगचा आहे, डिसेंबरात रिसेप्शनवरची मुलगी त्यात खोल्यांची मागणी शोधत असते.

मग सगळ्यात आधी मार कशाला बसतो माहीत आहे? तुमच्या बिलांना. त्याच डोमेनवरून जाणारं बिल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडतं, गिऱ्हाईक पैसे भरत नाही, तुम्ही लाइन तोडता, तो दुकानात येऊन भांडतो. साहेबांपुढे हा हिशोब मांडा. नेटवर्क सांभाळणाऱ्या मुलालाही सोबत न्या, तो तुमच्याच बाजूनं बोलेल.

दर पाठवायचेच तर पावसात, चवथीच्या आधी, स्वतः जा. तेव्हा मालक गल्ल्यावर निवांत असतो, आणि वायफाय कुठल्या खोलीत पोचत नाही हे तोच दाखवतो. दर कागदावर द्या, मेल पाठवू का ते विचारा, आणि हो म्हणणाऱ्यांचेच पत्ते तारखेसह लिहून ठेवा.